लाल नट

प्रिय नंदू,

पुण्यात तुझं बरं चाललं असेल. खांदा अजून दुखतो का? आईने तुझ्यासाठी मुगवड्या करून ठेवल्यात, कोणी तिकडे जाणारं भेटलं की पाठवते म्हणते. तू परवा विचारलंस, बाबा, फोनवर गप्प का असता? तुझा आवाज ऐकला की मी फोन आईच्या हातात देतो, म्हणून लिहायला बसलो. साहिलशी ठरलेलं लग्न मोडून तू बदली मागून घेतलीस, तेव्हापासून हे असंच आहे.

आपण तिघं तुझ्या गाडीच्या चाकांचे नट घ्यायला गेलो होतो, आठवतं? जुने गंजले होते. दुकानदाराने माझ्या एका तळहातावर स्टीलचा नट ठेवला, दुसऱ्यावर ॲल्युमिनियमचा, लालभडक आणि इतका हलका की मला हसूच आलं. साहिल म्हणाला, हे गंजत नाहीत, दिसतातही छान, फक्त नरम असतात, ताण मोजणाऱ्या पान्यानेच बेताने कसायचे. मी म्हटलं, चाकाला खेळणी लावू नका, स्टीलचेच घ्या. तू माझी थट्टा केलीस आणि लाल घेतलेस. पोरगी आता त्याचं ऐकते, माझं नाही, हे मला फार लागलं.

मग बुटीबोरीहून घरी परतताना तुझ्या गाडीचं पुढचं चाक निखळलं, गाडी दुभाजकावर चढली, तुझ्या खांद्याचं हाड मोडलं. दवाखान्यात सगळ्यांसमोर मी साहिलला नाही नाही ते बोललो. याच्या हौसेपायी माझी पोर गेली असती म्हणालो. तो खाली मान घालून उभा राहिला. घरी आल्यावर तू त्याला, पुन्हा येऊ नको, असं सांगितलंस. तुझे डोळे सुजले होते आणि मला मात्र आतून बरं वाटलं होतं. लाज वाटते लिहायला, पण वाटलं होतं.

आता तुला जे माहीत नाही ते सांगतो. इतवारी बाजारात माझा मालाचा टेम्पो होता तेव्हा चाक बदललं की आम्ही पान्याच्या दांड्याला पाईप लावायचो आणि त्यावर उभं राहून नट कसायचो. अंगाचा भार टाकल्याशिवाय चाक बसलं असं वाटायचंच नाही. तुझ्या त्या लाल नटांवर माझा काडीचा भरवसा नव्हता. दर रविवारी तू झोपलेली असताना मी खाली जायचो, नटांच्या आट्यांना, म्हणजे आतल्या पेचांना, ऑइल लावायचो आणि पाईपवर उभा राहायचो. तुझ्या काळजीनेच गं. पण नरम आटे ते किती सोसणार? गॅरेजवाल्याने गाडी पाहून मला सांगितलं, आटे पार गेलेत, कोणीतरी भलताच जोर लावलाय. तेव्हा तू पुण्याला गेली नव्हतीस, घरीच होतीस. मी परत आलो, तुला चहा करून दिला, पण हे सांगितलं नाही.

काल साहिल आला होता. गाडी गॅरेजमधून आल्याचं त्याला कळलं होतं. मी बसवून घेतलेले स्टीलचे नट त्याने एकेक सैल केले आणि स्वतःच्या पान्याने पुन्हा बेताने कसले. निघताना म्हणाला, घरचे मुली बघून राहिले, पुढच्या रविवारी भंडाऱ्याला मुलगी पाहायला जायचं आहे. मला राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. त्याला नवल वाटलं नाही. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी तो दवाखान्यात तुझे कपडे न्यायला आपल्या घरी आला होता, तेव्हाच त्याने जिन्याखालचा पाईप आणि पान्याच्या तोंडाला लागलेला लाल रंग पाहिला होता. मी विचारलं, मग नंदूले काहून नाही सांगितलं? तो म्हणाला, "काका, मी परका हाव, माझ्यावर रागावली त चालते. तुमच्यावर रागावली त ती घरी कोनासाठी येईन?"

मी रात्रभर हेच घोळवत होतो. त्याने तुला जाऊ दिलं आणि तुझा बाप तुझ्यापाशी ठेवला. नंदू, मी माफी मागायला लिहीत नाही, तो हक्क माझा राहिला नाही. दिवाळीला घरी यावंसं वाटलं नाही तर येऊ नकोस, आईला मी सांभाळीन. पण रविवारच्या आत त्याला फोन कर.

काहीही झालं तरी तुझाच,
बाबा