प्राग मला ओळखते

५ जानेवारी, सकाळ
यंदाचे संकल्प. गोड बंद. रागावर ताबा. आणि ऑक्टोबरात प्राग, चौथी खेप.
पहिल्या दोहोंबद्दल बायकोने, म्हणजे राणीने, विचारलं, कालपासून का उद्यापासून. तिसऱ्याबद्दल काही विचारलं नाही. तीन वेळा माझ्याबरोबर आली आणि तिन्ही वेळा त्या दगडी पुलावर तिचे गुडघे दुखले. मी म्हटलं, प्रेमात गुडघे दुखत नाहीत. ती म्हणाली, "व्हय, तुमी बाकड्यावर बसल्यालं असताय."

१९ जानेवारी
रहिमतपूरला व्याख्यान. 'प्राग मला ओळखते.' समोरच्या चौकात ऑर्केस्ट्रा असूनही गर्दी ठीक. सुरुवातीलाच सभा ताब्यात घेतली. म्हटलं, शहर एकदाच पाहणारा माणूस शहर पाहत नाही, स्वतःचे फोटो पाहतो. टाळ्या. मग पुढं चढत गेलो: पहिल्या वर्षी आपण शहराकडं बघतो, दुसऱ्या वर्षी शहर आपल्याकडं बघतं, आणि तिसऱ्या वर्षी, मित्रहो. इथं थांबतो. पाणी पितो. मग वेटरचा प्रसंग.
नदीकाठचं ते छोटं हॉटेल. मी बसलो. काही मागितलं नाही. आणि यान नावाच्या त्या वेटरने न सांगता माझ्यापुढं गरम पाण्याचा ग्लास ठेवला आणि म्हणाला, नमस्कार. साऱ्या युरोपात गरम पाणी मागितलं की लोक दवाखान्याचा पत्ता सांगतात. पण प्रागला माझ्या घशाची काळजी.
बायका डोळे पुसतात.
परतताना आकाराम (निवृत्त सुभेदार, माझा मित्र, व्याख्यानांना मला आपल्या ओम्नीतून नेतो) म्हणाला, "सर, पयल्या वर्षी तुमी त्ये सोड्याचं पानी पिऊन भर हाटेलात ढेकर दिलासा, ते का सांगत न्हाई?" ते वक्तृत्वात बसत नाही, म्हटलं. ढेकराची बातमी राणीने फोडलेली दिसते.

८ फेब्रुवारी
व्याख्यानमालेचे नानासो यांनी माझं जुनं भाषण यूट्यूबवर टाकलं. 'परत या.' कराडच्या इंजिनिअरिंगच्या पोरांपुढं केलेलं. काय धग होती. "ज्या मातीनं तुम्हाला उभं केलं, ती माती आज तुमच्याविना आडवी पडली आहे." आता असं बोलणारे राहिले नाहीत. मीसुद्धा हल्ली हा विषय देत नाही. क्रांती चार वर्षांपूर्वी झेक देशात गेली तेव्हापासून लोक प्रश्नोत्तरांत आगाऊपणा करतात. आमची एकुलती. ब्रनो नावाच्या गावी यंत्रांच्या कंपनीत इंजिनिअर. तिचं जाणं हा तत्त्वाला अपवाद आहे, हे सभेला समजावणं अवघड.
घाम पुसतानाचा भाग कापायला हवा होता. लिंक घरच्या ग्रुपवर टाकली. दोनदा.

१६ फेब्रुवारी
ब्रनोविषयी नोंद, पुढच्या व्याख्यानासाठी: प्राग एका बाजूला, व्हिएन्ना दुसऱ्या. मधे ब्रनो. म्हणजे आपला पेठ नाका. गाडी बदलायला बरं. मी तिथं फक्त झोपतो. व्हिएन्नाचाही मी दोनदा झालो आहे, पण ती श्रीमंताघरची लेक. प्राग आपली.

२ मार्च, दुपार
क्रांतीचा व्हिडिओ कॉल. म्हणाली, बाबा, तुमचं भाषण ऐकलं. मी विचारलं, कोणता भाग आवडला. म्हणाली, मी परत येतेय.
राणीच्या हातातली पळी पडली. रडली, हसली, देवापुढं साखर ठेवली. मी संयम राखला. म्हटलं, सुट्टीला ना? नाही म्हणाली, कायमची. तिच्या वर्गातला शंभूराज सांगलीजवळ कुपवाडला साचे बनवायचं वर्कशॉप चालवतो, त्यात भागीदार होणार. जुलैत.
मी विचारलं, मग ऑक्टोबरचं काय?
राणीने फोन घेऊन आत नेला. बहुधा नेटवर्क.

३ मार्च
डोळ्याला डोळा नाही. भाषण पुन्हा ऐकलं. त्यात कुठंही जुलैचा उल्लेख नाही. आवाहन सर्वसाधारण होतं, तरुण पिढीला होतं. घरातल्या पिढीला नव्हतं. हा फरक श्रोत्याने समजून घ्यायचा असतो.
माझ्याच शब्दांनी मला दगा द्यावा.

९ मार्च
प्रतिकार सुरू. भावनेने नव्हे, माहितीने. क्रांतीला कुपवाड रस्त्याचे खड्डे पाठवले. तिने अंगठा पाठवला. सांगलीच्या महापुराचे जुने फोटो पाठवले. तिने लिहिलं, बाबा, वर्कशॉप उंचावर आहे. एप्रिलच्या उन्हावर सविस्तर ध्वनिमुद्रित निवेदन केलं. उत्तर आलं, "ऐकते, आवाज छान लागलाय."
राणीने माझा फोन बघितला. "लेक घरला येतीया आन् तुमी तिला पुराचं फोटू धाडताय? बाप हाय का हवामान खातं?"
मी वास्तववादी आहे, हे सांगितलं. आमटी कोमट होती. योगायोग.

२३ मार्च
साताऱ्याला व्याख्यान. भरात आल्यावर बोलून गेलो: "येत्या ऑक्टोबरात मी प्रागला चौथ्यांदा जातो आहे आणि तिथून परतल्यावर याच मंचावर तुमच्याशी बोलणार आहे." प्रचंड टाळ्या. आता मागं फिरणं नाही.
ओम्नीत आकाराम म्हणाला, "पर र्‍हानार कुठं? ताई तर हिकडं येनार." मी म्हटलं, शहर राहायला देतं. "व्हय," म्हणाला, "बाकडं हायच की तुमचं."
हा माणूस सैन्यात कसा टिकला.

१७ एप्रिल, दुपार
ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात गेलो. काउंटरवर सोनम नावाची मुलगी. नम्र आहे, पण घोकलेलं बोलते. त्यांची सहल, अकरा दिवसांत नऊ देश. मी विचारलं, प्रागला किती दिवस? ती म्हणाली, "सर, प्राग आहे ना, फोटो स्टॉप आहे."
फोटो स्टॉप.
मी तिला तिथंच उभं राहून सांगितलं की, प्रेयसीकडं जाऊन माणूस फोटो स्टॉप करत नाही. रांगेतला एकजण टाळी वाजवणार होता, त्याच्या बायकोने हात धरला. सोनम म्हणाली, "सर, लवकर आवरलं तर पुलावर पण सोडतात." आणि दुपारचं जेवण गुजराती.
एकट्याने जायचा विचार केला. क्रांतीशिवाय तिकिटाच्या यंत्राशी मी अजून बोललेलो नाही. पण भाषा अडचण नाही, प्राग मला ओळखते.
आज पेढा खाल्ला. मानसिक धक्का.

११ मे
क्रांतीला शेवटची विनंती. नोव्हेंबरपर्यंत थांब. देशाला तू नोव्हेंबरातही हवी असशील. ती हसली. म्हणाली, घर सोडायचं कळवलंय, सामान जहाजाने निघालंय. राणी बाजूला बसून सांगलीतल्या फ्लॅटच्या पडद्यांचं माप सांगत होती. मायलेकींनी हे सगळं माझ्या पाठीमागं ठरवलेलं दिसतं. मला विचारलं असतं तर मी विरोध केला असता, म्हणून विचारलं नाही. याला लोकशाही म्हणत नाहीत.

६ जुलै
आली. विमानतळावर राणी आणि आकाराम रडले. मी सामान मोजत होतो. वाळली आहे. मला मिठी मारून म्हणाली, "बघा बाबा, आले परत." माझ्या भाषणाचा इतका थेट परिणाम पूर्वी कधी झाला नव्हता. नाइलाजाने पाठीवर थोपटलं.

२ ऑगस्ट
नानासोंचा फोन. उद्याच्या व्याख्यानाला क्रांतीचा सत्कार करायचा म्हणतात. "सर, तुमी म्हनला परत या आन् तुमची लेकच परत आली. असला वक्ता जिल्ह्यात न्हाई." विषय 'परत या' ठेवूया म्हणाले. मी ठाम नकार दिला. पत्रिकेत 'प्राग' छापलंय, प्रागच होईल. क्रांती पहिल्या रांगेत बसून ऐकेल. तिला कळू दे, तिने काय मोडलं.

३ ऑगस्ट
आधी यश. टाउन हॉल भरला. क्रांतीला शाल, श्रीफळ. ती तीनच वाक्यं बोलली, त्यातलं एक ध्वनिक्षेपक बंद पडल्याने गेलं. मग मी. आज आवाज वेगळाच लागला होता. गरम पाण्याच्या ग्लासापाशी आलो आणि सभा निःशब्द. क्रांती खाली मान घालून बसली होती. वाटलं, लागलं हिला.
आता जे झालं ते.
परतताना ओम्नीत मी पुढं, मायलेकी मागं. मी क्रांतीला विचारलं, डोळ्यांत पाणी आलं ना? राणी म्हणाली, "आवं, ती आदी फोन करायची."
कुणाला?
"त्या हाटेलात. बाबा येनार हायत, गरम पानी ठेवा, गॅसवालं नको."
आकारामने गाडीचा वेग कमी केला. ऐकू यावं म्हणून. "म्हंजे सर, त्यो वेटर..."
मी म्हटलं, आणि नमस्कार? नमस्कार कुणी सांगितला त्याला?
क्रांती म्हणाली, "मीच. तीनदा म्हणायला लावला फोनवर. पहिल्या वर्षी तो ढेकर आल्यावर तुमचा चेहरा इतका पडला होता, बाबा. म्हटलं, पुढच्या वेळी तरी तुम्हाला बरं वाटावं." मग म्हणाली, "आणि तो यान नव्हताच. पहिल्या वर्षीचा यान आधीच सोडून गेला होता. तो दुसरा कुणीतरी होता."
मी काच खाली केली. वारा हवा होता.
उंब्रजच्या पुढं आल्यावर ती म्हणाली, माझी सगळी रजा दर वर्षी त्या पुलावर संपायची. मी म्हटलं, मग सांगायचं नाही का, दुसरीकडं गेलो असतो, व्हिएन्नाला. ती म्हणाली, "दुसरीकडं नव्हे. मी ब्रनोत राहायचे, बाबा. तुम्ही माझं ऑफिससुद्धा बघितलं नाही. सकाळी उठलात की स्टेशन."
आकाराम म्हणाला, "पेठ नाका."
त्याला कुणी विचारलं नव्हतं.

४ ऑगस्ट
प्रागने दगा दिला.
शांतपणे विचार केला तर दोष शहराचा आहे. तीन वर्षं मी त्याला अंतःकरण दिलं. एखादं खानदानी शहर असतं तर त्याने आधीच खुलासा केला असता.

१० ऑगस्ट
व्हिएन्नाचा विचार केला. तिथंही एकदा ट्रामवाल्याने मला बघून मान हलवली होती. क्रांतीला विचारावं असं मनात आलं. विचारलं नाही.

२५ ऑगस्ट
पुढची तीन व्याख्यानं रद्द. कारण: सखोल चिंतन. नानासो म्हणाले, प्राग नको तर 'परत या' घ्या, लोक मागतायत. मी म्हटलं, त्या भाषणाने माझं फार नुकसान केलंय. त्यांना वाटलं मी विनोद केला.
राणी फ्लॅट लावायला सांगलीला गेली ती तिकडंच आहे. जाताना म्हणाली, "चार दिवस राबून यीन. तुमी एकटं बसा, चिंतन चांगलं हुईल." पंधरवडा होत आला. चिंतन होत नाही. भाकरी करपते.

७ सप्टेंबर
क्रांतीचा फोन. मशीन बसली, पहिला साचा निघाला. या बघायला म्हणाली. मी म्हटलं, वेळ काढून कळवतो. दिवसभर वेळच होता.
स्वाभिमान म्हणून काही गोष्ट असते.

१६ ऑक्टोबर, संध्याकाळ
कुपवाडला जाऊन आलो. भावनेने नव्हे. औद्योगिक वसाहत हा विषय पुढच्या हंगामाला चालेल का, ते पाहायला. आकारामला सांगितलं नाही, एसटीने गेलो.
गेटवरच्या माणसाने विचारलं, "कुनाकडं?" मी नाव सांगितलं, सुप्रसिद्ध वक्ते असंही सांगितलं. तो म्हणाला, "माल न्ह्यायला आलायसा?" क्रांती मॅडमचा बाप म्हटल्यावर उठला आणि स्वतःची खुर्ची दिली. म्हणाला, मॅडमनी सांगून ठेवलं न्हवतं. मी म्हटलं, त्यांना माहीत नाही.
ऊन होतं. आतून लोखंड घासल्याचा आवाज. समोर दुचाक्यांची रांग, एका सीटवर कुत्रं झोपलेलं. बघण्यासारखं काही नाही. बराच वेळ बघितलं.
क्रांती आली. हात कोपरापर्यंत तेलकट, म्हणून लांबूनच हसली. आज माल निघायचाय, दहा मिनिटंच आहेत म्हणाली. मी इथल्या रचनेविषयी माझी मतं मांडायला सुरुवात केली, तेवढ्यात आतून कुणीतरी हाक मारली. वळताना म्हणाली, "मंगळवारी इथं लाइट नसते. तेव्हा या, सगळं दाखवते. शंभूराजलापण भेटाल."
मंगळवारी साताऱ्याला व्याख्यान आहे. ऑक्टोबरचा शब्द पाळायचा म्हणून नानासोंनी हॉल धरलाय, पत्रिका वाटून झाल्यात.
घरी येऊन त्यांना फोन केला. सांगितलं, मंगळवारी माझा घसा बसणार आहे.