पंप पुन्हा गेला

केशोरी,
१९ नोव्हेंबर २०२४

ती. रुख्माताईस,
खुशालचा सा. न. वि. वि.

काल सोमवारी सकाळी मी नवेगावबांधच्या जंगलात, रस्त्याच्या कडेला, आपल्या पिकअपच्या बोनेटवर हात ठेवून उभा होतो. मागे वांग्यांची पोती, फोनला रेंज नाही. चढावर गाडीने एकदा धाप टाकली आणि बंद पडली. महादेवाचं नाव घेऊन चावी फिरवली. स्टार्टर फिरला, इंजिन काही बोललं नाही. शेवटी धानाच्या एका ट्रॅक्टरने ओढत अर्जुनीला नेलं.

पंप पुन्हा गेला. दिवाळीच्या आधीच बदलला होता. शालीकराम मिस्त्रीने फिल्टरमधलं डिझेल काचेच्या ग्लासात काढून दाखवलं. वर डिझेल, खाली पाणी. म्हणाला, जुन्या गाड्या असलं पचवायच्या, या नव्यांचा पंप नाजूक. डिझेल हेच त्याचं वंगण; पाणी शिरलं की लोखंड लोखंडाला खातं. आणि हा पंप आधी काही सांगत नाही, वाटेतच बसतो. पाणी कुठून आलं, हे मात्र त्यालाही सांगता येईना. मी भैय्यालालच्या डिझेलवर संशय घेतला आणि त्याला दोन शब्द जास्त बोललो. तो म्हणाला, सारा गाव माझ्याच इथे भरते, मग तुझीच गाडी काऊन बसते?

ताई, काळजी गाडीची नाही. पुढच्या महिन्यात नूतनला पहिल्या बाळंतपणासाठी देवरीहून आणायची आहे, आणि वाट त्याच जंगलातून. तुझी भावजय रीता म्हणते दुसऱ्याची गाडी करा. लेकीचा हट्ट की बाबाच्याच गाडीत येणार. असल्या गाडीचा भरवसा कसा धरू? विकायचं मनात आलं आहे, गोंदियाचा एक माणूस पाहूनही गेला. आई म्हणते, कायले विकतेस, गाडी गुणाची आहे, तिले कोणाची तरी नजर लागून राहिली.

फोनवर तू ओरडतेस आणि मी नुसता हो-हो करतो, म्हणून हे पत्र. भाऊजींना नमस्कार. माया आहे तशी असू दे.

तुझा,
खुशाल


दवनीवाडा,
२६ नोव्हेंबर २०२४

चि. खुशालला,
रुख्माताईचे अ. आ.

पत्र मिळालं. घाईत पंप पुन्हा गेला एवढंच वाचलं आणि मला वाटलं भैय्यालालचा पेट्रोल पंप बंद झाला. बिचाऱ्याचं आता कसं होईल म्हणून मी हळहळत बसले. तुझे भाऊजी पोट धरून हसले. म्हणाले, अवं, तो गाडीच्या आतला पंप. आता शेजारीपाजारी सांगत फिरून राहिले.

नूतनचं वाचून जीव खालीवर झाला. बाळा, हट्ट पोरीचा असला तरी निर्णय बापाचा असतो. ज्या गाडीवर तुझाच विश्वास नाही तिच्यात तिला बसवू नको.

आईची तब्येत कशी आहे? दर फोनला एकच मागणं, अमरकंटकचं नर्मदेचं पाणी पाठव. आमच्या गावचे लोक गेले की मी आणवते. दिवाळीत पाच लिटरची कॅन भरून दिली होती, तीही संपत आली म्हणते. देवाला रोज पळीभर लागावं. हिला एवढं लागते कायले? अंघोळ करते की काय त्याने? विचारून कळव.

इकडे धान घरात आलं. रीताला सांग, लोणचं पोचलं, मीठ जास्त होतं, तरी संपवलं. सांभाळून राहा रे बाबा.

तुझी,
ताई


केशोरी,
३ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कॅनची ओळ वाचली आणि मला मिस्त्रीचा तो ग्लास आठवला. आईला काही विचारलं नाही. गाडी नव्या पंपाची वाट पाहत अंगणात उभीच होती; दुसऱ्या दिवशी पहाटे गोठ्याच्या आडोशाला बसून राहिलो.

अंघोळ करून ती आली. हातात तांब्याचा गडवा. चाकांना हळदकुंकू लावलं, स्टेअरिंगवर पाणी शिंपडलं. मग टाकीकडे गेली. झाकणाचं कुलूप पावसाळ्यापासूनच बिघडलेलं, नुसतं फिरवलं की उघडते. उरलेलं पाणी तिने टाकीत ओतलं, हळूहळू, पिंडीवर धार धरावी तसं. ओठ हलत होते. नूतनचं नाव ऐकू आलं, माझंही.

मी आडोशालाच बसून राहिलो. रागावू कशाला? गाडी जितकी बंद पडायची, तितकी तिची धार वाढायची, आणि धार वाढली की गाडी पुन्हा बंद. इतके दिवस मी भैय्यालालचा दोष काढत होतो, आणि रोज माझ्याच अंगणात माझ्यासाठी प्रार्थना चालली होती.

गोंदियाच्या माणसाला थोडं थांब म्हटलं आहे. आईला कसं सांगू, ते कळत नाही. अशा वेळी तुलाच सुचतं. लवकर लिही.

खुशाल


दवनीवाडा,
९ डिसेंबर २०२४

चि. खुशालला,
अ. आ.

आधी हसले, मग पदर डोळ्यांना लावला. तू नववीत सायकलने अर्जुनीला जायचास तेव्हा तिने तुझ्या घंटीला ताईत बांधला होता, आठवते? घंटीचा आवाजच निघेना. तू तोंडाने ट्रिंग-ट्रिंग करत जायचास, पण ताईत सोडला नाहीस.

माझं ऐकशील तर तिला सांगू नको. नातीच्या जिवाला आपल्या हातून धोका होत होता, हे कळलं तर ती जेवण सोडेल. टाकीला नवं कुलूप लाव, चावी तुझ्याजवळ ठेव. मी पाणी पाठवायचं लांबवते. आणि भैय्यालालकडे जाऊन चहा पी.

नूतनला आणलीस की कळव. तोवर मला झोप नाही.

ताई


केशोरी,
१८ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
खुशालचा सा. न. वि. वि.

भैय्यालालकडे चहा पिऊन आलो. साखर जास्त होती, तरी संपवला.

मिस्त्रीने टाकी पार रिकामी करून धुतली, नवा पंप बसवला, फिल्टर बदलला. तू म्हणालीस तसं झाकणाला कुलूप लावलं. पण दुसऱ्याच सकाळी आई टाकीपाशी दिसली. तिने झाकण फिरवून पाहिलं, फिरलं नाही. मग टाकीवर हात ठेवून ती तशीच उभी राहिली, गडवा भरलेला. देवळाचं दार बंद दिसल्यावर माणूस उभं राहते, तशी. मला ते पाहवलं नाही. तुझं ऐकलं नाही ताई, रागावू नको.

मी तिचा हात धरून तिला पुढे आणलं, बोनेट उघडलं. काच धुवायच्या पाण्याची पांढरी बाटली असते, तिचं टोपण काढलं. म्हटलं, आई, मागच्या टाकीत गाडी फक्त डिझेल पिते. तिचं पाणी इथं राहते.

तिने वाकून पाहिलं. मग हळूच विचारलं की म्हणजे इतके दिवस मी तिच्या नाकात पाणी ओतून राहिली होती का. मी मान डोलावली. मला वाटलं, आता रडते. पण ती बोनेटवर थाप मारून म्हणाली, मेली बोलली कशी नाही. आणि माझ्याकडे वळून, तुले माहीत होतं तं काऊन नाही सांगितलास? मग सारा गडवा त्या बाटलीत ओतला, अगदी शेवटचा थेंब झटकून. त्या दिवशी ती अर्धीच भाकर जेवली, हेही तुला सांगतो. दुसऱ्या दिवशी पुरती जेवली.

गोंदियाच्या माणसाला नाही म्हणून कळवलं. त्यानंतर भरल्या पोत्यांनिशी त्याच चढावर रोज गाडी चालवून पाहिली, एकदाही अडली नाही. तेव्हाच देवरीला गेलो.

काल सकाळी नूतनला घेऊन निघालो. जावई चंद्रकुमार मागून मोटारसायकलवर. जंगलात धुक्याने काचेवरच्या धुळीचा चिखल झाला, समोरचं काही दिसेना, आणि नेमका तोच चढ. मी बटण दाबलं. काचेवर नर्मदेची धार आली, वायपर फिरले, रस्ता उघडला. नूतनने पदर डोक्यावर घेऊन हात जोडले. तिला आजीने फोनवर सगळं सांगितलं होतं.

तुझी भाची घरी पोचली. आता झोप. आणि पाण्याची कॅन पाठव, बाटली अर्धी झाली.

तुझा,
खुशाल