टँकरच्या टोकनांवरचे आद्य-स्लाव्ह पाणी

प्रति,
मा. टंचाई अधिकारी,
पाणीटंचाई उपकक्ष (नवनिर्मित जिल्हा),
सरकी गोदाम, अहमदपूर.

विषय : टँकरची टोकने म्हणून वाटलेली माझी संशोधन-कार्डे परत मिळणेबाबत.
संदर्भ : आपले दि. २ मे १९८३ चे पत्र, 'मागणी अमान्य'.

महोदय,

१. मी येथील शाळेत भाषा शिकवते. हैदराबादेत रशियन शिकले आणि गेली बारा वर्षे आद्य-स्लाव्ह भाषेतला पाण्याचा शब्द, '*वोदा', सात विभक्ती आणि तीन वचनांत नव्याने उभा करीत आहे. ही भाषा कोणी लिहून ठेवली नाही. रशियन, पोलिश, बल्गेरियन या तिच्या लेकी ताडून आईचे रूप काढावे लागते. अशा रूपापुढे तारा (*) काढतात. लेखी पुरावा नाही, ही त्यातली प्रामाणिक कबुली.

२. नव्या जिल्ह्याची स्टेशनरी अद्याप आलेली नाही. म्हणून आपले लिपिक श्री. वीरभद्र यांनी शाळेच्या कपाटातून ही रूपे आणि त्यांचे दाखले एका बाजूला लिहिलेली माझी तीनशे बारा कार्डे उचलली, कोऱ्या पाठीवर शिक्के मारले आणि टोकने म्हणून आमच्या वस्तीत वाटली. षष्ठीचे कार्ड केवळाबाईंच्या पदराला बांधलेले आहे. द्विवचन कोणाकडे गेले, पत्ता नाही.

३. आपण लिहिता की, पुरावा नसलेल्या शब्दांच्या नुकसानीचा पंचनामा होत नाही. ही भाषा बोलणारे दोन साक्षीदार हजर करावेत, असेही आपले म्हणणे. महोदय, ते हजार वर्षांपूर्वीच वारले. उलट आपल्या अहवालात आमच्या विहिरीला दोन परस, म्हणजे दोन पुरुष खोल, पाणी आहे. त्या विहिरीत बाभळी उगवल्या आहेत. एक फांदी सोबत जोडली आहे. ते पाणीही रचलेलेच, फक्त त्यापुढे तारा काढण्याची तसदी आपण घेतली नाही. मला याचा संताप येतो आणि तो मी लपवीत नाही.

४. मी केवळाबाईंकडे गेले. त्यांनी गाठ सोडून कार्ड पुढे केले. म्हणाल्या, "घ्या बाई, तुमचंच हाय. पर ह्याच्याबिगर टँकरवाला घागर भरू देत न्हाई." मी कार्ड वहीत उतरवले आणि त्यांच्या पदराला परत बांधले. तेव्हापासून रोज सकाळी रांगेत उभी राहून बायांच्या हातातली कार्डे उतरवून घेते. एकशे चार झाली. रांगेत गडबड करते म्हणून मला हटण्याची ताकीद मिळाली आहे. मी हटणार नाही.

५. सबब, आधी प्रत्येक घराला नवे टोकन द्यावे आणि मगच माझी कार्डे गोळा करावीत. माझ्या अर्जाचे निमित्त करून एकाही बाईच्या हातून कार्ड हिसकावले, तर हा अर्ज मी त्याच क्षणी मागे घेतला असे समजावे. बारा वर्षे मी पुन्हा घालीन. घागर उद्यावर टाकता येत नाही.

विश्वासू लिहिण्याचा नियम आहे, म्हणून आपली विश्वासू,

(सही)
पंचशीला चौदंते
अहमदपूर, दि. ११ मे १९८३