भिंत बुक आहे

औरंगाबाद,
१८ मे २०१६

चि. चारुता हिस,

बाबांचे आशीर्वाद. तुझे पत्र काल मिळाले. फोनवर तू माझे वाक्य पुरे होऊ देत नाहीस आणि मी तुझे, म्हणून दोघांनीही कागदाचा आश्रय घेतला हे योग्यच झाले. इकडचे क्षेम असे: ऊन कडक आहे, सोसायटीची बोअर गेल्या वर्षीच्या होळीला आटली ती आटलेलीच आहे, तुझी आई ठणठणीत आहे आणि या क्षणी तांदूळ निवडता निवडता मी काय लिहितो याकडे लक्ष ठेवून आहे. ‘तिला एवढंच लिहा, आई बरी आहे आणि बाप सुधारत नाही,’ असे तिचे म्हणणे. त्यातला पहिला भाग मला मान्य आहे.

आता मुद्दा. शहरातले आजचे चित्रकार, भित्तिचित्रकार आणि रस्त्यावर रंगवणारे पेंटर यांच्यावरच्या आपल्या चित्रग्रंथातून पान एकेचाळीसवरचे नजमाचे चित्र वगळावे, असे तू सुचवतेस. ग्रंथातला मजकूर माझा. मांडणी आणि प्रकाशन तुझे. तेव्हा सुचवण्याचा अधिकार तुला आहे. परंतु तू कारणे दिली आहेस, आणि कारणे दिली की ती तपासण्याचा अधिकार मला प्राप्त होतो. कॉलेजात हयातभर तर्कशास्त्र शिकवून मी एवढा एकच अधिकार कमावला आहे. पत्राच्या शेवटी तू सहज म्हणून विचारलेस, ‘बाबा, हल्ली सकाळी कुठे असता?’ त्याचे उत्तरही शेवटीच देईन.

तुझे पहिले कारण: मुकुंदवाडी स्टेशनच्या रस्त्यावरची ती भिंत आता पांढरी झाली आहे, म्हणून जे चित्र अस्तित्वातच नाही त्याला समकालीन कलेच्या ग्रंथात स्थान नाही. याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत तू लिहिले आहेस की भिंतीवरच्या चित्राचे आयुष्य अल्प असते, म्हणूनच ते छापून ठेवले पाहिजे. पुसले जाते म्हणून छापायचे आणि पुसले म्हणून छापायचे नाही, ही दोन्ही विधाने एकाच संपादिकेची असू शकत नाहीत. याला आपण वदतोव्याघात म्हणतो. तू हा शब्द प्रथम ऐकलास तेव्हा तुझे दुधाचे दात पडत होते.

दुसरे: छायाचित्र छपाईत मंद उतरते. जानेवारीत मुखपृष्ठाचा नमुना म्हणून तू हेच छायाचित्र मला पाठवले होतेस. तेव्हा ते ‘झळझळीत’ होते. शब्द तुझा आहे.

तिसरे: इतक्या चित्रांतून एक गेल्याने काही बिघडत नाही. बिघडत नसेल तर ते काढण्यासाठी चार पानांचे पत्र का?

चित्रासंबंधी दोन शब्द. नजमाचे वडील पाट्या रंगवत. तीही क्रांती चौकातल्या दुकानांच्या पाट्या, शटरे, गावोगावच्या भिंतींवरच्या बियाण्यांच्या जाहिराती रंगवते. टँकरच्या रांगेत ड्रमांची अदलाबदल होऊन भांडणे होऊ लागली, तेव्हा तिने प्रत्येकीच्या निळ्या ड्रमवर एक खूण काढून दिली. रांगेत पहिली उभी राहणाऱ्या गोजरबाईच्या ड्रमवर पोपट. कुणाच्या ड्रमवर कंगवा, कुणाच्या सायकल. मग उरलेल्या रंगातून समोरच्या सार्वजनिक भिंतीवर तिने ती रांगच काढली: बायका, त्यांचे चेहरे, त्यांचे ड्रम, ज्या क्रमाने त्या उभ्या राहत त्याच क्रमाने. गोजरबाईने चित्र पाहिले आणि म्हणाली, ‘मेलीनं नाक लई मोठं काढलंय. पर नंबर पयला काढलाय ना, मग राहू दे.’ त्या आठवड्यात ज्यांना चित्रात घेतले नव्हते त्यांनी नजमाशी बोलणे सोडले. आपल्या शहरात एखाद्या चित्राची याहून गंभीर समीक्षा झाल्याचे मला ठाऊक नाही.

छायाचित्रात त्या बायकांच्या डोक्यावर, भिंतीपलीकडे, एक फलक दिसतो. बारा मजली इमारतीची जाहिरात आहे: ‘चोवीस तास पाणी. पोहण्याचा तलाव.’ नजमाने तो फलक काढलेला नाही; तो तिथे होता. छायाचित्रकाराने त्याला कापले नाही, एवढेच. आणि ती इमारत बांधणारी कंपनी हीच आपल्या ग्रंथाला साह्य करणारी कंपनी आहे, हेही योगायोगाने तसेच आहे.

आता तुझा सहज विचारलेला प्रश्न.

एप्रिलच्या अखेरीस कंपनीने ‘सुशोभीकरणा’साठी ती भिंत घेतली आणि चुना मारून घेतला. वर मोर आणि हरणे येणार होती. परंतु कंपनीच्या बाहेरगावच्या ठेकेदाराकडून एक चूक झाली. आपल्या ग्रंथाच्या चौथ्या प्रकरणात मी लिहिले आहे, आणि तू ते तपासलेही आहेस, की इथले पेंटर भिंतीला चुना मारला की उजव्या कोपऱ्यात खाली ‘बुक’ असा शब्द, नाव आणि मुदत लिहितात. मुदत संपेपर्यंत त्या भिंतीला दुसरा कोणी ब्रश लावत नाही. निवडणुकीतले पक्षसुद्धा नाहीत. जो लावतो त्याला पुन्हा कोणी शिडी उसनी देत नाही. ठेकेदाराकडे मंजुरीचा कागद होता, म्हणून कोपऱ्यात काही लिहिण्याची त्याला गरज वाटली नाही. भिंत कोरी राहिली.

मी नजमाला फोन केला. ती पिशोरला बियाण्यांच्या जाहिराती रंगवत होती.

‘सर, कोपरा देखा क्या? काय लिवलंय?’

‘काही नाही.’

‘काहीच नाय? मग लिवून टाका ना! बघत काय बसले?’

‘तुझ्या नावाने लिहू?’

‘नको सर. माझं नाव दिसलं तर मला कोन काम देईल? तुमच्या नावानं लिवा. तुमाला तर तसं बी काय काम नाय.’

युक्तिवाद निर्दोष होता. मी निळा रंग आणि एक ब्रश विकत घेतला, आणि भल्या सकाळी, सर्वांसमक्ष, रांगेतल्या बायका पाहत असताना, मांडी घालून बसलो आणि लिहिले: बुक – म. गो. पिशोरकर – मे २०१७ पर्यंत. एका बाईने आपल्या घागरीतले पाणी ब्रश धुवायला दिले. या उन्हाळ्यात कोणी कोणाला दिलेली याहून मोठी देणगी मी पाहिलेली नाही. तेव्हापासून रोज सकाळी मी त्या भिंतीजवळ खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचतो. हल्ली मी कुठे असतो, ते हे.

मोर काढायला आलेला पेंटर फकिरा म्हणून होता. शिडी टेकवण्याआधी त्याने सवयीने कोपरा पाहिला.

‘पिशोरकर कोन हाय?’

‘मी.’

‘काका, तुमी पेंटर हाय व्हय?’

‘नाही. पण बुक करणारा पेंटरच असला पाहिजे, असा नियम आहे का?’

त्याने मान खाजवली. ‘न्हाय. तसं काय न्हाय.’ आणि शिडी आडवी करून तिच्यावर बसला.

ठेकेदार ओरडत आला. ‘अरे, म्हातारा आहे कुणीतरी! पुसून टाक!’

‘मालक, बुक हाय,’ फकिरा म्हणाला. ‘आज मी ह्यांची पुसली, उद्या माझी कोन ठेवंल? तुमी पुसा. हा घ्या ब्रश.’

ठेकेदाराने ब्रश हाती घेतला. रांगेतून गोजरबाई म्हणाली, ‘पुस की, पुस. आमी बी बघतो तुझं अक्षर.’ त्याने ब्रश बादलीत टाकला आणि फोन काढला.

तुझी आई म्हणते, ‘पुढचंही लिहा, गाळू नका.’ मी गाळणार होतो हे खरे आहे, कारणही सांगतो. युक्तिवाद ऐकणाऱ्याच्या मनात करुणा उत्पन्न करून तो जिंकणे मला अप्रतिष्ठेचे वाटते. पण वादातला आपला हितसंबंध लपवणे हे त्याहून अप्रतिष्ठेचे. तेव्हा लिहितो. भिंत विद्रूप केल्याची लेखी तक्रार माझ्या नावे झाली आहे. तक्रारदार, आपल्या ग्रंथाला साह्य करणारी कंपनी. मला चौकीवर बसवले होते. वागणूक सभ्य होती. पंख्याखाली खुर्ची दिली, वीज नव्हती हा त्यांचा दोष नव्हे. हवालदार म्हणाले, ‘सर, शिकलेली माणसं तुम्ही, भिंती कशाला खराब करता?’ मी म्हणालो, भिंत कोणी खराब केली हा वादाचा मुद्दा आहे, मी तिच्यावर फक्त मुदत घातली. त्यांनी हे वाक्य जबाबात जसेच्या तसे लिहून घेतले. तुझ्या आईने डबा आणला होता. तिथल्या सर्वांना पोळ्या पुरल्या.

त्यानंतर कंपनीचे हिमांशू नावाचे अधिकारी घरी आले. तरुण, नम्र, वाकून नमस्कार केला. ‘सर, आपण वडीलधारे. तक्रार आम्ही उद्या मागं घेतो. ताईंना फक्त तेवढं एक पान वगळायला सांगा.’

मी विचारले, ‘ताईंशी आपण बोललात का?’

त्यांनी चहावरच्या सायीकडे पाहिले.

आणि काल तुझे पत्र आले.

चारुता, दहाव्या वर्षी दूध का प्यावे या प्रश्नावर तू मला माझ्या विद्यार्थ्यांसमोर निरुत्तर केले होतेस. त्या मुलीच्या हातून इतकी लंगडी तीन कारणे एका ओळीत येणे शक्य नाही. पहिल्या वाचनात मी रागावलो. दुसऱ्या वाचनात माझ्या ध्यानात आले की ही कारणे तुझी नाहीतच. खऱ्या कारणावर पांढरा हात मारण्यासाठी ती वापरली आहेत. ते कारण मी आहे. बाप या वयात कोर्टाच्या पायऱ्या चढू नये म्हणून तू एक चित्र द्यायला निघाली आहेस. तक्रारीचे तुला कळले आहे हे तू माझ्यापासून लपवलेस आणि मी तुझ्यापासून चौकी. दोघांचाही हेतू चांगला होता, आणि दोघांच्या मधून नजमाचे चित्र बाहेर चालले होते.

ते होणार नाही. मी माफी लिहून देणार नाही, शब्द पुसणार नाही आणि माझ्या नावाने कोणी सौदा केलेला मला चालणार नाही. तू केलेला तर मुळीच नाही. कोर्टात मी जाईन. आयुष्यभर मी काल्पनिक प्रतिपक्षाशी वाद घातला. सत्त्याहत्तराव्या वर्षी खरा मिळाला आहे, तो माझ्यापासून हिरावून घेऊ नकोस. कंपनीने साह्य काढून घेतले तर ग्रंथ साध्या कागदावर छाप. तेही न जमले तर उशिरा छाप. मजकूर नासणारा नाही आणि मीही अजून काही दिवस टिकेन.

परवा नजमा परतली. माझे अक्षर पाहून कमरेवर हात ठेवून हसली. ‘सर, हे काय लिवलंय? ब्रश दारू प्यायला का?’ मग बसली आणि माझ्याच अक्षरांवरून तिने वळणदार अक्षरे काढली. खाली आपले नाव घातले, ठळक. मी म्हणालो, ‘आणि तुझे काम?’ ती म्हणाली, ‘तुमी म्हातारपनी चौकीत बसले, मी काय नावाला घाबरू? जास्तीत जास्त काय होईल, मोर काढावे लागनार नाय!’ येत्या रविवारी ती रांग पुन्हा काढायला घेणार आहे. फकिरा शिडी देणार आहे.

एक गोष्ट मी अद्याप मांडलेली नाही. चित्रातल्या रांगेत, डाव्या हाताला, दऊत काढलेल्या ड्रमवर कोपर टेकून जी बाई हसते आहे ती तुझी आई. तू हे जाणतेस, आणि तरीही ते पान काढायला निघालीस, यावरून माझ्याविषयीची तुझी भीती किती मोठी असेल हे मला कळते. हा मुद्दा मी युक्तिवाद म्हणून वापरत नाही. फक्त नोंदवतो.

इतके वाचूनही छपाईच्या दिवशी तुझा हात अडलाच, तर एवढे कर. पान एकेचाळीस पांढरे सोड. दुसरे चित्र नको, आभाराचा मजकूर नको. उजव्या कोपऱ्यात खाली, निळ्या शाईत, नजमाच्या अक्षरात एवढेच छाप: बुक – नजमा. मोर काढायला आलेल्या माणसाने जे वाचून शिडी आडवी केली, ते आपल्या वाचकांनाही वाचता येईल.

तुझ्या कारणांची नव्हे, तुझी वाट पाहणारा,

बाबा

(खालचा मजकूर तुझ्या आईचा. मी तो सुधारलेला नाही.)

चारू, कोरं पान बिरं काही सोडू नकोस. ह्यांना असलं सुचतं. मी गेल्या वर्षी चैत्रातल्या उन्हात पाय दुखेपर्यंत रांगेत उभी राहिले, ती कोऱ्या पानासाठी नाही. मला छाप. रविवारी ये, येताना पाण्याचा कॅन आण, ब्रश धुवायला लागेल.

आई