वरून दोन ठोके

४ मार्च, दुपारी

पाच मजली इमारतीच्या लिफ्टची महिन्याची सर्व्हिसिंग. मी वर मशीनरूममध्ये, मास्तर खाली खड्ड्यात. मास्तर म्हणजे माझा जोडीदार. चष्मा आणि उपदेश, यांमुळे पडलेलं नाव. मित्रही आहे, पण कटकट्या. वरचं काम झालं की मी रेलवर पान्याने दोन ठोके द्यायचे, मग तो खालून सर्व्हिसिंगच्या कागदावर सही करतो. बाकी सगळ्यांचं काम दोनदा तपासतो, माझं नाही. गुडघे दुखतात, वर चढवत नाही, त्यामुळे असेल.

आज ब्रेकचे लायनर, म्हणजे घासून लिफ्ट थांबवणाऱ्या पट्ट्या, बदलायचे होते. पण मरणाचा उकाडा, आणि मी कादंबरीत पार बुडालेलो. जुने लायनर अजून महिनाभर टिकतील असं वाटलं. वाटलं म्हणजे अनुभवाने. दिले दोन ठोके.

नवे लायनर बॅगेत आहेत. पुढच्या खेपेला बसवू.

५ मार्च

कादंबरी मास्तरनेच दिली. पाचशे दहा पानं! एक लाडावलेला, थापाड्या पोरगा. त्याला एक सरळमार्गी मित्र भेटतो आणि पोरगा हळूहळू माणसात येतो. जबरदस्त. हा सरळमार्गी मित्र म्हणजे हुबेहूब मी. मास्तरलाही सुधारायला भरपूर वाव आहे.

संकल्प: मास्तरचा संशयी स्वभाव घालवणे. रोज वीस पानं. खोटं बोलणं आजपासून बंद.

ताईला गोष्ट सांगितली. ती म्हणाली की मित्र कसला, तू तो पोरगा आहेस. ताईला साहित्यातलं काही कळत नाही.

९ मार्च

चौथ्या मजल्यावर एक मावशी शिवणकाम करतात. त्यांचा फोन. लिफ्ट मजल्याच्या एक इंच खाली थांबते. टेपने मोजलं म्हणे. दिवसभर टेप गळ्यात असल्यावर माणूस काहीही मोजत सुटतो. मी म्हटलं, उन्हाने लोखंड फुगतं. हे खोटं नाही. लोखंड फुगतंच.

पान ४१.

१५ मार्च

दोन इंच. मावशींनी लिफ्टच्या दाराशेजारी खडूने रेघा मारल्यात, तारखांसकट. बघून मी पाठ फिरवली. खडूची धूळ डोळ्यांत जाते, त्यामुळे असेल.

मास्तरने विचारलं की लायनर नीट बसलेत ना. म्हटलं, अरे म्हणजे काय! त्याने मान डोलावली, पुन्हा विचारलं नाही. संशयी स्वभाव जातोय. माझ्या सहवासाचा गुण.

बॅग मात्र हल्ली फार जड लागते.

२० मार्च

साडेतीन इंच. मावशी म्हणतात, थांबायच्या आधी वर काहीतरी घासल्याचा आवाज येतो. पूर्वी अधूनमधून यायचा, आता दर वेळी येतो.

गुपचूप जाऊन लायनर बदलणार होतो. पण मशीनरूमची किल्ली मास्तरकडे. मागितली की तो कशाला म्हणून विचारणार, आणि खोटं बोलणं तर मी सोडलंय.

त्यापेक्षा सरळ सांगून टाकावं. पण घाई नको. कादंबरीतला पोरगा तीनशे चाळिसाव्या पानावर कबुली देतो (ताईने पुस्तक चाळून पुढचं फोडलं). त्याला तीनशे चाळीस पानं लागली. मी अजून एकशे दहावर आहे. कच्च्या मनाने दिलेली कबुली काय कामाची?

शनिवारी नक्की.

२३ मार्च

मावशी पडल्या.

लिफ्ट सहा इंच खाली थांबली. हातात कपड्यांचा गठ्ठा, त्यांना पुढचं दिसलंच नाही. उजवं मनगट मोडलं.

लिफ्ट बंद केली. मास्तर गुडघे धरत जिन्याने वर गेला. मी खाली थांबलो. कुणीतरी खाली हवंच. अर्ध्या तासाने आला तेव्हा त्याच्या हातात जुने लायनर होते, झिजून पार कागद झालेले. माझ्याकडे बघितलं. मग माझ्या खांद्यावरची बॅग उघडली, नवे लायनर काढले आणि पुन्हा जिना चढायला लागला.

ओरडला असता तर बरं झालं असतं.

२५ मार्च

मास्तरने साहेबांना सांगितलं की चूक त्याची. ऑफिसात सगळ्यांना कळलंय. तो उद्यापासून घरी बसणार.

आज बोलणारच होतो. पण आता मी तोंड उघडलं तर मास्तर खोटा ठरेल. मित्राला खोटं पाडणं कुठल्या नीतीत बसतं?

पान ११२. डोळे फिरतात, डोक्यात काही जात नाही.

२८ मार्च

मावशींकडे फळं घेऊन गेलो. मशीनवर एक फ्रॉक अर्धवट पडलेला. डाव्या हाताने सुई ओवायला बघत होत्या. चार वेळा चुकली. मला म्हणाल्या, तू गुणाचा आहेस रे, तुझा तो जोडीदारच निष्काळजी निघाला.

नाही म्हणायला हवं होतं. पण तोंडात संत्र्याची फोड होती.

१ एप्रिल, संध्याकाळी साडेसात

ठरलं होतं. शब्द पाठ केले. चार वाजता बूटसुद्धा घातले. मग कॅलेंडर दिसलं. एक एप्रिल! आज कबुली दिली तर साहेबांना चेष्टा वाटणार. एवढी मोठी गोष्ट चुकीच्या दिवशी वाया घालवायची नाही. बूट काढले, जरा आडवा झालो. आत्ता जाग आली.

उद्या. ताज्या मनाने.

२ एप्रिल

सांगितलं. ठोके, लायनर, बॅग, सगळं.

साहेब म्हणाले की त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ब्रेक वर असतो आणि वर मी होतो, हे कळायला साहेब असावं लागत नाही. मास्तरलाही ते तसं म्हणाले होते. मास्तर म्हणाला, कागदावर सही माझी आहे, रिपोर्ट माझ्याच नावाने लिहा. फक्त आठ दिवस थांबवा. वर जो होता तो स्वतः येऊन सांगेल, मी त्याला ओळखतो.

साहेब थांबले. आठ दिवस काल संपले. रिपोर्ट गेला. मास्तरचा परवाना जाणार.

मी म्हटलं, माझं नाव घाला. साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला. लिहून दे, पाठवतो म्हणाले, पण आता फारसा उपयोग नाही. लिहिलं. मास्तर कुठे आहे विचारलं. सकाळीच भावाकडे निघून गेला, सामानासकट.

काल दुपारपासून तो ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून होता म्हणे. जिन्यात पाऊल वाजलं की मान वर करायचा. सहाला ऑफिस बंद झालं, तेव्हा उठला.

काल सहाला मी झोपलो होतो.