उपरण्याची गाठ

१० जानेवारी १९७१
बेलापूरजवळ कारखान्याच्या चाळीत आज संसार मांडला. एक खोली, मागं मोरी आणि दिवसभर मळीचा वास. हे काट्यावर उसाच्या गाड्या वजन करतात. भाकरी करपली तरी हसत खाल्ली. शेजारच्या गोजरबाई म्हणाल्या, नव्याचे नऊ दिवस. म्हटलं, बघूच.

१७ जानेवारी
मनातलं आज यांना सांगून टाकलं. लग्नात नणंदेनं यांच्या उपरण्याला माझ्या शालूची गाठ मारली, तेव्हा अंगावर आलेला काटा अजून विसरत नाही. म्हटलं, जवळ घेताना त्याच उपरण्यानं माझे हात बांधाल का? बांधलेली असले की मी पुरती तुमची आहे असं वाटेल.

हे उठून बसले. "ह्ये तुला कुनी शिकवलं?"

कुणी नाही हो. माझंच आहे ते. हे पाठ फिरवून झोपले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२३ जानेवारी
अबोला चालूच होता. आज दुपारी मात्र हे आले! भिंतीकडे तोंड करून मी गहू निवडत होते. मागून आले, न बोलता माझे हात उपरण्यानं बांधले. लाजून मी वळलेच नाही. डोळे मिटून आनंदानं रडले. यांचे हात फार गार होते, थंडीच आहे म्हणा. डोळे उघडले तर गाठ सुटलेली आणि हे निघून गेलेले.

त्याच दिवशी, संध्याकाळी
यांनी मनगटावरचे वळ पाहिले. मी हसून म्हटलं, तुमचेच आहेत की. हे पांढरे पडले. दिवसभर काट्यावरून हललेच नव्हते.

"कोन आलं हुतं?"

गोजरबाई दुपारभर माझ्या दाराशी वाती वळत होत्या. म्हणाल्या, कुणीच आत गेलं नाही. मग आठवलं, कडी तर मी आतून घातली होती —

२४ जानेवारी
कुणी आलं नव्हतं हे यांना पटत नाही. उद्या माहेरी सोडतो म्हणाले. भीती वाटते, पण त्याहून यांचा संशय जास्त लागतो. हात दिले ते यांनाच समजून दिले. कुणाला सांगू?

२५ जानेवारी, दुपार
ट्रंक भरली. हे एस.टी. बघायला गेलेत. कडी लावलीय.
मागं कुणी उभं आहे.
डावा हात धरला. गार. उपरणं ट्रंकेच्या तळाशी होतं — तेच आहे —
वळवत नाही. हेच असतील. माफ केलं असेल मला —
बायकोनं नाव घेऊ नये, तरी घेते. सूर्यभान —
ओ आली. दाराबाहेरून. "चुकलं माजं. दार उघड."
उजवा हातही —