युस्टेसची एक फेक बाकी आहे

९ नोव्हेंबर १९८६, रविवार, संध्याकाळी ५.२०
जिमखान्याच्या बोर्डावर आत्ताच वाचलं: डिसेंबरच्या व्हेटरन्स मीटमधून हॅमर थ्रो रद्द. कारण नाही, सही नाही. सेक्रेटरी चंद्रप्रकाशला गाठलं. म्हणाला, मॅडम, तो तारेचा लोखंडी गोळा पडला की पिचची वाट लागते, क्रिकेटवाले माझ्या नावानं ओरडतात. शिवाय एन्ट्री एकच. तुमच्या मिस्टरांची. तीसुद्धा तुमच्या अक्षरात.
माझा नवरा युस्टेस सलग सहा वर्षं राज्याचा हॅमर चॅम्पियन होता. अक्षर कुणाचं याच्याशी काय देणंघेणं?

११ नोव्हेंबर
तक्रार टाइप केली. रिटायर होईपर्यंत साहेबांची पत्रं टाइप केली. संतापाचं, स्वतःचं असं पत्र हे पहिलंच. युस्टेसला वाचून दाखवलं. तो खिडकीबाहेर बघत राहिला. एकाग्रता. थ्रोअरला ती लागतेच.

१४ नोव्हेंबर
डॉक्टर म्हणतात, स्ट्रोकनंतर डाव्या हाताची पकड आता येणार नाही. या माणसानं आयुष्यात टेनिसचा बॉल तरी फेकलाय का? आजपासून अंगणात प्रॅक्टिस. नायलॉनच्या पिशवीत तांदूळ भरून दिले. युस्टेसनं पिशवी उचलली. झकास. खालून थोडा आधार माझा होता, पण थोडाच.

१७ नोव्हेंबर
प्रॅक्टिस नाही. त्याला बरं वाटत नव्हतं.

१८ नोव्हेंबर
नाही. तांदूळ जेवणाला लागले.

२० नोव्हेंबर
पलंगाखाली हॅमर नाही! पोलिसांत जायला चप्पल घातली, तेवढ्यात युस्टेस जड जिभेनं म्हणाला, जॉनीला दिला. जॉनी माझा भाचा, वर्सोव्याला त्याची होडी आहे. कशाला दिला? तर म्हणे, नांगराला वजन पायजे होतं. मी म्हटलं, म्हणजे तार तपासायला ना? नाय गो, म्हणाला. नांगराला.
आजारपणात माणसाला थट्टा सुचते. चांगलं लक्षण.

२३ नोव्हेंबर, रविवार
वर्सोव्याला जाऊन जॉनीला सगळ्या कोळणींसमोर झापलं. तो म्हणाला, आंटी, अंकलनीच बोलावून दिला. देताना रडत होते. डोळ्यात काही गेलं असेल. हॅमर रिक्षातून आणला. तीनदा धुतला, बोंबलाचा वास जात नाही. जिमखान्याचं उत्तर नाही.

७ डिसेंबर, रविवार
मीटचा दिवस. जिमखान्याच्या नाकावर टिच्चून फेक चर्चमागच्या मैदानात ठेवली. जॉनीनं युस्टेसला खुर्चीसकट आणलं, हॅमर त्याच्या पायाशी ठेवला. मी माझ्या जागेवर गेले. लग्नापासून माझी जागा तीच: गोळा जिथे पडेल त्याच्या जरा पलीकडे, हातात पांढरा रुमाल. गोळा पडला की खड्ड्यात रुमाल ठेवायचा आणि गोळा उचलून परत न्यायचा. तो फेकायचा, मी आणायचे. टाळ्या त्याला. माझी कधी हरकत नव्हती.
रुमाल वर धरला. इतक्या लांबून मला तो नीट दिसत नव्हता, पण तो तयारी करत असणार. ऊन चढलं. हात भरून आला. गोळा काही आला नाही.
परत गेले, तर हॅमर पायाशी तसाच. युस्टेस मांडीवर हात ठेवून बसलेला. म्हणाला, किती लांब गेलीस गो. मी म्हटलं, तू फेकतोसच तेवढं लांब. तो हसला. म्हणाला, इथे बस जरा.
बसले नाही. रुमाल तिकडेच पडला होता, तो आणायला गेले.
पुढच्या रविवारी नक्की.

१९ जानेवारी १९८७, सोमवार
शनिवारी युस्टेसच्या दफनाला चंद्रप्रकाश टाय लावून आला होता. जिमखान्याच्या हारावरच्या कार्डात लिहिलं होतं, 'डिस्कस चॅम्पियन'. मी त्याला सगळ्यांदेखत सांगितलं, डिस्कसवालं आमच्याकडे कुणी मेलेलं नाही. बिचारा सॉरी सॉरी करत हार घेऊन गेटपर्यंत गेला आणि परत आला. जॉनी म्हणाला, आंटी, राहू दे ना. राहू दिला.
हॅमर पलंगाखाली. रुमाल धुऊन इस्त्री केला.
आज स्मरणपत्र टाइप केलं. पुढच्या मीटमध्ये हॅमर थ्रो ठेवावा, एन्ट्री एकही नसली तरी. गोळा पडतो त्या बाजूला माणूस तयार आहे. लेखी उत्तर ३१ जानेवारीच्या आत, युस्टेसच्याच नावे, याच पत्त्यावर यावं. मी दिवसभर घरीच असते.